बंद दाराची प्रेमकादंबरी: मध्य थंड का पडतो आणि ती स्वतः प्रकाशित कशी करावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ६०,००० शब्दांची प्रेमकादंबरी लिहून झाली आहे. शयनगृहाचं दार लागलं की प्रकरण संपतं, दारामागचं काही पानावर येत नाही. खर्डा वाचणाऱ्या दोघींनीही ‘छान आहे, पण मध्यावर थंड पडते’ असं सांगितलं. आता एक-दोन धीट प्रसंग घालावेत की आहे तशीच स्वतः प्रकाशित करावी, आणि करायची तर कशी?

धीट प्रसंग घालू नका. तुमची अडचण बंद दारात नाही. मी बरीच वर्षं याच प्रकारात लिहिते, स्वतःच प्रकाशित करते आणि नव्या लेखकांची हस्तलिखितं वाचते. ‘मध्यावर थंड’ ही तक्रार पहिल्या कादंबरीवर हमखास येते आणि तिचं मूळ बहुतेक वेळा एकाच जागी सापडतं. शिवाय जे लिहायची तुम्हाला आतून ओढ नाही, ते लिहिलंत तर वाचकाला तुमचं अवघडलेपण पहिल्या परिच्छेदातच जाणवेल. बंद दार हा तुम्ही वाचकाला दिलेला शब्द आहे. पहिल्या चुंबनापासून ते पुस्तक चढवताना निवडलेल्या श्रेणीपर्यंत सगळं त्या शब्दाला धरून असलं पाहिजे. पुढचं सगळं उत्तर याच एका गोष्टीभोवती आहे.

आधी मध्याबद्दल. उघड्या दाराच्या रोमान्समध्ये शरीरसंबंधाचा प्रसंग काय काम करतो ते नीट पाहा. चांगल्या लेखकाच्या हातात तो नुसता दाहासाठी नसतो. त्यात कोणीतरी पहिल्यांदा स्वतःला उघडं पाडतं, काहीतरी कबूल करतं किंवा कबूल करायचं टाळतं, आणि त्यानंतर दोघांना आधीच्या जागी परत जाता येत नाही. कथेला तिथे वळण मिळतं. आपण तो प्रसंग पानावरून काढतो तेव्हा पुष्कळदा ते वळणही त्याच्याबरोबर निघून जातं. मग उरतं काय? पहिली भेट, कुरबुर, ओढ, एक चुंबन, मग बरीच पानं गोड गप्पा आणि एकत्र फिरणं, आणि तीन-चतुर्थांशावर अचानक ताटातूट. मधल्या पानांत कोणाचं काही पणाला लागत नाही. तुमच्या वाचकांना जाणवलेला थंडपणा हा असावा.

उपाय असा की ते वळण दुसऱ्या एखाद्या कृतीत आणायचं. ती कृती शारीरिक असायला हरकत नाही, उलट असावीच. फक्त ती या दोन माणसांचीच असली पाहिजे, इतर कोणत्याही जोडीला देता येणार नाही अशी.

उदाहरण घेऊ. नायिका जुने नकाशे जतन करणाऱ्या विभागात काम करते. तिला कमी ऐकू येतं, दोन्ही कानांत श्रवणयंत्रं आहेत. ती कोणासमोर कधीच काढत नाही, कारण ती काढली की समोरचा काय बोलतोय यावरचा तिचा ताबा सुटतो, आणि लहानपणी याचा लोकांनी फायदा घेतलेला आहे. नायक त्याच विभागात नव्याने आलेला, भरभर आणि खूप बोलणारा. कादंबरीच्या मध्यावर एका रात्री ती त्याच्यासमोर दोन्ही यंत्रं काढून टेबलावर ठेवते. आता आपलं बोलणं तिला ऐकू जाणार नाही हे त्याला कळतं, आणि तिने हे समजून-उमजून केलं आहे हेही कळतं. तो दिवा स्वतःच्या चेहऱ्याकडे वळवतो, तिला ओठ दिसावेत म्हणून.

दार इथे लागू द्या. पुढचं काही सांगायची गरजच उरत नाही, कारण वाचकाने त्या दोघांना त्यांच्या सर्वांत नाजूक क्षणी पाहून घेतलं आहे. मग सकाळ लिहा, आणि ती नक्की लिहा. तो तिला हाक मारत नाही. टेबलावर बोटं वाजवतो, तिचा हात टेबलावर आहे म्हणून. चार प्रकरणांनंतर भांडण होतं तेव्हा ती त्याच्या वाक्याच्या मधेच यंत्रं काढून पर्समध्ये टाकते. ज्या कृतीने तिने स्वतःला त्याच्या हाती दिलं होतं, त्याच कृतीने आता ती त्याला बाहेर काढते. एका वस्तूवर कादंबरीचे तीन टप्पे उभे राहिले आणि त्यांतला एकही दार उघडून लिहावा लागला नाही.

तुमच्या हस्तलिखितात अशी कृती बहुधा आधीच कुठेतरी असेल, फक्त ती चुकून तपशील म्हणून आली असेल. शोधा. नायक कोणापासून काय लपवतो? नायिका कोणती गोष्ट फक्त एकटी असताना करते? ते दुसऱ्यासमोर पहिल्यांदा घडतं तो प्रसंग मध्यावर आणा.

दार कधी लावायचं याबद्दल माझा एक ठाम नियम आहे: निर्णय पानावर दिसल्यानंतर, त्याच्या आधी कधीच नाही. दोघांपैकी प्रत्येकाने हो म्हटलेलं वाचकाला ऐकू आलं पाहिजे, मग ते शब्दात असो वा स्पष्ट कृतीत. पुष्कळ नवे लेखक संकोचाने दार फार लवकर लावतात. एक चुंबन, तीन टिंबं, नवं प्रकरण. वाचकाला मग संमतीही दिसत नाही आणि ओढही. आपल्याला खोलीतून बाहेर ढकललं असं वाटतं. आणि दार लावताना भाषा साधी ठेवा. उसळणाऱ्या लाटा, उमलणाऱ्या पाकळ्या, विझलेल्या ज्योती यांची काही गरज नाही. हे सगळं ‘मला सांगायचं आहे पण सांगवत नाही’ असं ओरडून सांगतं. ‘तिने कडी लावली.’ एवढं पुरे.

ताणाबद्दल थोडं. या प्रकारात चुंबनं मोजकी असतात, त्यामुळे प्रत्येकाचं काम वेगळं हवं. पहिलं चुंबन साधारण मध्याच्या आसपास आलं तर त्याच्या आधीची सगळी पानं त्याच्याकडे ओढली जातात. तिसऱ्या प्रकरणातच उरकलंत तर तेवढाच ताण पुन्हा निर्माण करायला फार कष्ट पडतात. आपल्या भाषेने आपल्याला एक मोठी सोय दिली आहे: ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणं. तो क्षण कुठे येतो, कोण आधी म्हणतं, समोरचा ते लक्षात आल्याचं दाखवतो की नाही, आणि रागाच्या भरात कोणी मुद्दाम पुन्हा ‘तुम्ही’वर जातं का, हे ठरवून लिहा. काही हस्तलिखितांत मला असं दिसतं की दोन पानांत सगळे एकमेकांना अरे-तुरे करायला लागतात आणि हे सगळं भांडवल वाया जातं.

पात्रांचं वयही विसरू नका. बंद दार म्हणजे किशोरवयीनांचं पुस्तक, असा गैरसमज लेखकांमध्येही आहे. पंचेचाळिशीतली घटस्फोटित बाई, पत्नी गेलेला साठीचा माणूस, दुसऱ्या लग्नाला घाबरणारी दोन मोठी माणसं या कथा इथे फार सुंदर जमतात. संवाद आणि इच्छा मोठ्या माणसांच्या असू द्या.

शेवट सुखाचाच हवा. अमेरिकेतल्या रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखक-संघटनेने या प्रकाराची व्याख्या करताना दोनच अटी घातल्या: प्रेमकथा केंद्रस्थानी हवी आणि शेवट भावनिकदृष्ट्या समाधान देणारा, आशादायी हवा. नायक शेवटी मेला तर ती चांगली कादंबरी असू शकते, पण रोमान्स म्हणून विकलीत तर वाचक रागावणारच, आणि तो राग रास्त असेल.

आता प्रकाशनाकडे. इथेही आधी शब्द काय दिला आहे ते नक्की करा, कारण बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या या कप्प्यात वेगवेगळे वाचक आहेत. काहींना लग्नाआधी शरीरसंबंध कथेत घडलेलाच नको असतो, दारामागेही नाही, चुंबनापर्यंत ठीक. काहींना श्रद्धेचा धागाही हवा असतो. आणि काहींना दारामागे काय झालं याने फरक पडत नाही, फक्त ते पानावर नको. तुमची कादंबरी तिसऱ्या गटाची आहे. ॲमेझॉनवर ‘क्लीन अँड होलसम’, म्हणजे सोज्वळ, अशी रोमान्सची स्वतंत्र श्रेणी आहे आणि नवा लेखक सहज तीच निवडतो. तुम्ही निवडू नका. तिथल्या पहिल्या गटाच्या वाचकाला रात्र एकत्र घालवलेली जोडी खटकेल, आणि तो एक तारा देऊन तसं लिहील. समकालीन रोमान्स आणि त्याच्या जवळच्या श्रेणी घ्या. केडीपीवर, म्हणजे ॲमेझॉनच्या स्वयंप्रकाशनाच्या सेवेवर, एका पुस्तकाला तीन श्रेणी आणि सात कीवर्डच्या, म्हणजे वाचक शोधताना टाकतो त्या शब्दांच्या, चौकटी मिळतात. ‘क्लोज्ड डोअर’, ‘स्लो बर्न’ (हळूहळू फुलणारं प्रेम) आणि तुमच्या कथेचा ट्रोप, म्हणजे ओळखीचा कथासाचा, सहकारी, दुसरी संधी, वैर ते प्रेम यांपैकी जे असेल ते, कीवर्डमध्ये टाका. एका चौकटीत एकाहून जास्त शब्दांचा वाक्प्रयोग चालतो. पुस्तक चढवताना वाचनाचं वय विचारलं जातं. मोठ्यांच्या कादंबरीत ते रिकामं सोडा, नाहीतर ती मुलांच्या पुस्तकांकडे जाऊ शकते.

मुखपृष्ठावर जमेल तेवढे पैसे खर्च करा. चित्रांकित, रंगीबेरंगी मुखपृष्ठ म्हणजे सौम्य पुस्तक अशी खूण पूर्वी काही अंशी चालायची. आता अत्यंत धीट कादंबऱ्यांनाही तशीच मुखपृष्ठं असतात, त्यामुळे चित्रावर विसंबू नका. ब्लर्बच्या, म्हणजे पुस्तकाची ओळख करून देणाऱ्या मजकुराच्या, शेवटी एक ओळ सरळ लिहा: ‘एका जोडीची पूर्ण कथा, सुखाचा शेवट, चुंबनं पानावर आणि बाकी सगळं बंद दारामागे.’ या एका ओळीने चुकीचे वाचक आधीच दुसरीकडे जातात आणि योग्य वाचक निश्चिंत होतात. पुस्तकात शिव्या किंवा हिंसा बरीच असेल तर तेही सुचवा. सौम्य पुस्तक शोधणारे त्याबद्दलही संवेदनशील असतात. ई-बुकच्या मुखपृष्ठासाठी केडीपीचं आदर्श माप २५६० पिक्सेल उंच आणि १६०० रुंद आहे. पण ते तपासायचं मात्र अंगठ्याच्या नखाएवढं करून. तेवढ्यात शीर्षक वाचता आलं पाहिजे.

संपादनाला पर्याय नाही. रचनेचं संपादन परवडत नसेल तर चार-पाच विश्वासू बीटा वाचकांवर, म्हणजे प्रकाशनाआधी खर्डा वाचून मत देणाऱ्यांवर, भागवता येतं, मुद्रितशोधन मात्र त्रयस्थाकडूनच करून घ्या.

पैशाचं गणित समजून घ्या, कारण त्यावरून किंमत ठरते. केडीपीवर ई-बुकची किंमत २.९९ ते ९.९९ डॉलरच्या दरम्यान असेल तर ७० टक्के रॉयल्टी मिळते, बाहेर गेली की ३५ टक्के. ७० टक्क्यांच्या पर्यायात फाइलच्या आकारानुसार थोडा वितरणखर्च कापला जातो, पण चित्रं नसलेल्या कादंबरीत तो किरकोळ असतो. म्हणजे ३.९९ ला विकलेल्या प्रतीमागे सुमारे २.७० डॉलर, आणि ०.९९ ला विकलेल्या प्रतीमागे जेमतेम ३५ सेंट. पहिलं पुस्तक कायम ०.९९ ला ठेवण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. पुढे त्याच मालिकेतली दोन-तीन पुस्तकं तयार असतील तरच त्याला अर्थ आहे. तुमच्याकडे एकच पुस्तक असताना ती नुसती तूट आहे.

यानंतरचा मोठा निर्णय केडीपी सिलेक्टचा. त्यात गेलात तर पुस्तक किंडल अनलिमिटेड या ॲमेझॉनच्या वर्गणीवरच्या वाचनसेवेच्या वर्गणीदारांना वाचता येतं आणि तुम्हाला वाचलेल्या पानांवर पैसे मिळतात. दर दरमहा बदलतो आणि पानामागे अर्ध्या सेंटच्याही खाली असतो. ३०० पानांची कादंबरी कोणी पूर्ण वाचली तरी हाती दीड डॉलरहून कमी येतो. त्याच वाचकाने पुन्हा वाचली तर काहीच नाही. बदल्यात ९० दिवस ई-बुक दुसरीकडे कुठेही, अगदी तुमच्या स्वतःच्या वेबसाइटवरही, ठेवता येत नाही, आणि मुदत आपोआप वाढते. मुदत आपोआप वाढवण्याची खूण काढायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. छापील प्रतीला हे बंधन नाही.

सर्वत्र विकायचं ठरवलंत तर कोबो, ॲपल बुक्स आणि गूगल प्ले या ई-बुकच्या दुकानांत थेट खाती उघडता येतात, किंवा ड्राफ्टटूडिजिटलसारख्या वितरकाकडून एकाच जागेवरून सगळीकडे पाठवता येतं. तो विक्रीच्या किमतीच्या सुमारे दहा टक्के घेतो. वाचनालयांची ई-बुकंही याच वाटेने जातात, आणि बंद दाराच्या कथांना वाचनालयातला वाचक मोठा आहे. तरी माझा सल्ला असा: पहिलं पुस्तक सिलेक्टमध्ये घाला. तुम्हाला अजून कोणी ओळखत नाही, आणि वर्गणीदाराला अनोळखी लेखक उघडून पाहायला जादा पैसे लागत नाहीत. मालिकेची तीन पुस्तकं झाली की आकडे पाहून बाहेर पडायचं का ते ठरवा. एकदा आत, एकदा बाहेर असं सतत करू नका. दुसऱ्या दुकानांतले वाचक असं पुस्तक गायब झालेलं विसरत नाहीत.

छापील आवृत्ती नक्की काढा. मागणीनुसार छपाई असल्याने साठा करावा लागत नाही. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते ती मोठ्या टाइपाची आवृत्ती. या प्रकाराच्या वाचकांत वयस्कर मंडळी पुष्कळ आहेत. केडीपीवर १६ पॉइंट किंवा त्याहून मोठा टाइप असेल तर पुस्तकावर तशी नोंद करता येते; स्पर्धा कमी आणि वाचक कृतज्ञ. किंमत ठरवताना लक्षात ठेवा की जून २०२५ पासून ९.९९ डॉलरपेक्षा कमी किमतीच्या पेपरबॅकवर केडीपीची रॉयल्टी ५० टक्के झाली आहे, त्या किमतीला आणि वर ६० टक्के. दोन्हींतून छपाईखर्च वजा होतो. केडीपी देतो तो मोफत आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, दुसऱ्या छपाईसेवेकडे चालत नाही. पुढेमागे तिकडे जायचा विचार असेल तर स्वतःचा घ्या.

मालिका म्हणजे एकाच जगात दर पुस्तकाला नवी जोडी. नकाशांच्या त्या विभागातली तिसरी सहकारी, नायकाचा भाऊ, अशी माणसं पहिल्या पुस्तकात दोन प्रसंगांपुरती जिवंत करून ठेवा. आणि दाराचा नियम मालिकाभर एकच ठेवा. तिसऱ्या पुस्तकात विक्री वाढावी म्हणून दार उघडलं, तर पहिल्या दोन पुस्तकांनी कमावलेला विश्वास तिथेच संपतो. काही लेखक न्यूजलेटरच्या सदस्यांना ‘दारामागचा’ प्रसंग भेट म्हणून देतात. मी ते कधीच करणार नाही. भेट द्यायचीच तर पुस्तकानंतरच्या वर्षाचा एक छोटा उपसंहार द्या. न्यूजलेटरचे सदस्य त्यावर उत्तम मिळतात, आणि ती यादीच तुमची खरी मालमत्ता, कारण ती कोणत्याही दुकानाच्या मर्जीवर नाही.

परीक्षणांसाठी प्रकाशनाआधी मोफत प्रती वाटायला हरकत नाही. मात्र बदल्यात परीक्षण हवंच, चांगलंच हवं अशी अट घालता येत नाही, आणि घरच्यांकडून किंवा जवळच्या मित्रांकडून लिहून घेणं ॲमेझॉनच्या नियमात बसत नाही. जाहिरातींवर पहिल्या पुस्तकासाठी खर्च करू नका. ‘आम्ही तुमचं पुस्तक प्रकाशित करतो’ म्हणून जो तुमच्याकडूनच मोठी रक्कम मागतो आणि वर हक्कही स्वतःकडे ठेवतो, त्याला नकार द्या. मजकूर किंवा मुखपृष्ठ एआयने तयार केलेलं असेल तर केडीपीवर ते जाहीर करावं लागतं. ही अट सप्टेंबर २०२३ पासून आहे. या प्रकारातला वाचक माणसाच्या हाताची ऊब शोधत येतो, म्हणून मजकुराच्या बाबतीत मी तो मार्ग सुचवणार नाही.

प्री-ऑर्डर लगेच लावू नका. ती एक वर्ष आधीपर्यंत लावता येते, पण अंतिम फाइल प्रकाशनाच्या ७२ तास आधी द्यावी लागते, आणि तुमचा मध्य अजून पुन्हा लिहायचा आहे. आधी ती एक कृती शोधा, मध्यावरचा प्रसंग, त्यानंतरची सकाळ आणि भांडण ही तीन प्रकरणं नव्याने लिहा. मग खर्डा त्याच दोघींना देऊ नका, त्यांना जुनी कथा पाठ आहे. या प्रकारातली पुस्तकं सतत वाचणाऱ्या दोन नव्या वाचकांना द्या आणि कथा आवडली का असं विचारूच नका. वाचता वाचता कोणत्या पानावर पुस्तक बाजूला ठेवलंत, आणि दार लागलं तेव्हा आत काय झालं असेल याबद्दल मनात शंका होती का, एवढंच विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मध्यावरचं कुठलंही पान नसेल आणि दुसऱ्याचं ‘नाही’ असेल, तर मुखपृष्ठकाराला फोन करा.